अकरा वर्षे टांगलेली स्टेपनी

मी एक जुनी स्टेपनी आहे. मित्रांनो, गाडीचे चाक ऐन रस्त्यात निकामी झाले तर त्याच्या जागी लावायला जे जादा चाक बरोबर ठेवतात, ती मी. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर बारीक रबरी केस असतात. रस्त्यावर पहिल्या काही दिवसांतच ते घासून जातात. माझे अजून शाबूत आहेत, कारण मी आयुष्यात एकदाही गाडीखाली धावलेली नाही. तुम्ही म्हणाल, मग ही जुनी कशी? तेच तर सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबर, काजळी आणि गंधक एकत्र मळून, थरावर थर चढवून मला वाफेने तापलेल्या लोखंडी साच्यात कोंडले. आत गेले तेव्हा मी चिकट आणि ढिली होते. बाहेर आले ती घट्ट आणि लवचिक होऊन. त्याच वेळी माझ्या कुशीवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, चार आकडे उमटले, २२१४. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन हजार चौदा सालचा बाविसावा आठवडा. माणसांचे जन्मदाखले कपाटात हरवतात, आमचा अंगावरच असतो. तरी तो वाचणारे विरळाच.

आम्ही पाच भावंडे एका घरगाडीच्या वाट्याला आलो. घरगाडी म्हणजे चार चाकांवरचे बिऱ्हाड. आत झोपायला दोन फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि घडीचे टेबल. फिटरने हाताशी होते ते चार टायर उचलले आणि चाकांवर चढवले. मी भिंतीकडे होते, एवढाच माझा दोष. मला मागच्या दारावर टांगले आणि तीन नट आवळले.

गाडीचे मालक आपल्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासत. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणते. दुकान कायमचे बंद केल्यावर बाबा आणि आई या गाडीतून हिंडू लागले. गाडी कुठे चालली आहे हे मला कधीच दिसत नसे, दिसे तो फक्त मागे पडलेला रस्ता. संध्याकाळी गाडी थांबली की भावंडे आपापसांत बोलत. आज खडी लागली, आज ओल्या उतारावर पाय घसरता घसरता राहिला. मी ऐकत असे. माझ्याजवळ सांगण्यासारखे काय होते?

आई तेवढ्या मला विसरत नसत. धुतलेले रुमाल त्या माझ्यावर वाळत घालत. ऊन लागू नये म्हणून त्यांनी जाड कापडाचे एक आवरणही शिवले होते. कुणी आवरण उचलून पाहिले की म्हणे, "स्टेपनी अगदी कोरी करकरीत आहे हो." बाबांची मान ताठ होई. माझीही होई, नाही म्हणत नाही. पण कौतुकाने पोट भरत नाही, मित्रांनो.

सहाव्या वर्षी माझी चारही भावंडे झिजली. एका गॅरेजच्या अंगणात त्यांना उतरवले आणि एकामागोमाग एक घरंगळत नेले. "हिला राहू दे," बाबा म्हणाले, "हिला काय धाड भरलीय?" नवे चार टायर आले. ते मला 'मागची' म्हणत, तेही क्वचित.

त्यानंतर आई गेल्या. आवरण विरले, फाटले, आणि दुसरे शिवायला कुणी नव्हते. घरगाडी बाबांच्या राहत्या इमारतीच्या मागच्या भिंतीशी उभी राहिली ती अडीच वर्षे. दुपारचे ऊन थेट माझ्यावर येई. रोज त्याच सुमारास बाबा चहाचा कप घेऊन येत, गाडीत शिरत आणि घडीच्या टेबलाशी आपल्या नेहमीच्या बाजूला बसत. समोरची बाजू रिकामी असे. आम्हा दोघांत दाराच्या पत्र्याएवढेच अंतर होते. पण पत्रा तो पत्रा.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. आली की म्हणे, "घरीच बसत जा बाबा. घरी काय कमी आहे? निदान सुरक्षित तर आहात." बाबा मान हलवत आणि पुन्हा खाली येऊन बसत.

एक दिवस बाबांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. त्या ऐंशीच्या. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचे घराबाहेर पडणे बंद झाले होते. बाबांनी फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता, म्हणून मला ऐकू आले. "तू येणार आहेस, की नुसता आवाजच पाठवत राहणार?"

"येतो ताई," बाबा म्हणाले. चारशे किलोमीटरचा रस्ता, आणि बाबा एकटे. मुलीने एकच अट घातली. वाटेत गाडी बंद पडली तर मदतीला कुणी येईल अशी योजना, ज्याला सगळे रोडसाइड असिस्टन्स म्हणतात, ती घ्यायची. नाहीतर गाडी विकायची.

एका रविवारी तीन योजनांचे कागद टेबलावर पसरले. मागची काच उघडी होती.

"पहिली बाद," मुलगी म्हणाली. "ही साध्या मोटारींची. झोपायची सोय असलेली गाडी यात चालत नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय."

"एवढ्या बारीक अक्षरात लिहितातच कशाला?"

"अख्ख्या गावाला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावलीत, आणि स्वतः पहिल्या ओळीवर सही करायला निघालात."

दुसऱ्या योजनेत मेकॅनिक जागेवर येऊन चाक बदलून देणार होता, पण गाडी ओढून न्यायची तर फक्त पंचवीस किलोमीटरपर्यंत. तिसरीत एवढे उंच धूड घेऊ शकेल अशा जवळच्या गॅरेजपर्यंत, ते कितीही लांब असो, मोठ्या ट्रकवर चढवून नेणार होते. दुरुस्ती होईपर्यंत माणसाच्या राहण्याची सोयही त्यांचीच.

"तिसरी घ्या. तुम्ही एकटे असणार."

"मला ट्रकवर घालून नेणार? मी काय भंगार आहे?"

"तुम्हाला नाही हो, गाडीला."

"एकच ते. चाक गेलं तर बदलायचं आणि पुढे जायचं. दुसरी पुरे."

मुलगी पुढे वाचत होती. "चाक बदलून मिळण्यासाठी सुस्थितीतील स्टेपनी गाडीत असणे आवश्यक. सुस्थितीतील म्हणजे?"

बाबा उठून मागे आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ही बघ. अंगावरचे केससुद्धा झडले नाहीत. हिच्याहून कोरी दुकानात मिळायची नाही."

मुलीने काचेतूनच पाहिले. तिला केस दिसले. आकडे दाराकडच्या बाजूला होते, धुळीखाली. तिने मान डोलावली आणि दुसरी योजना ठरली. खोटे कशाला बोलू, मला त्या दिवशी आनंद झाला. माझ्या आत काय झाले आहे हे मलाही ठाऊक नव्हते.

प्रवासाला निघालो. दुपारी, ताईंचे गाव दीडशे किलोमीटरवर असताना, एका लोखंडी तुकड्याने पुढचा डावा टायर कुशीतच फाडला. तिथे ठिगळ लागत नाही. दोन्ही बाजूंना सपाट माळ, झाड ना घर. बाबांनी रस्त्यावर इशाऱ्याचा लाल त्रिकोण मांडला आणि फोन केला. दीड तासाने छोट्या गाडीतून मेकॅनिक आला. चाळिशीचा, कमी बोलणारा. माझे नट गंजले होते. त्याने तेल सोडले, हातोड्याने ठोकले, आणि मी खाली आले.

मित्रांनो, जमीन लागली मला. मेकॅनिक मला घरंगळत पुढे घेऊन चालला. आठ पावले असतील. अकरा वर्षे ज्याची वाट पाहिली ते आता होणार होते. आणि त्याच आठ पावलांत मला जाणवले की माझ्या अंगात काहीतरी उकलते आहे.

मेकॅनिकही थांबला. त्याने अंगठ्याने माझी कूस दाबली.

"काका, ही कधीची?"

"कोरी आहे. एकदाही लावलेली नाही."

"लावलेली नाही ते दिसतंय. पण कोरी नाही." त्याने बाहीने धूळ पुसली. "बावीस चौदा. अकरा वर्षं झाली हिला."

"पण वापरलीच कुठे?"

"तीच तर गडबड. टायर चालता राहिला की अंगातलं मेण वर येतं, रबर सांभाळतं. नुसता टांगून ठेवला की उन्हात सुकतो. ही भेग बघा, माझं नख आत जातंय."

"लाव तू, भाऊ. मी चाळीसच्या वर नेणार नाही. पुढे माझी बहीण वाट बघतेय. ऐंशीची आहे."

"म्हणूनच लावत नाही. त्यांना वाट बघू दे. बातमी जायला नको."

बाबा पुन्हा बोलले, थोडे चिडूनही. मला वाटत होते, लाव रे, एकदाच लाव. पण अंगठ्याला जे कळले होते ते आता मलाही कळले होते. वेग आला की मी फुटणार होते, आणि स्टिअरिंगवर बाबा होते. मग मी मनात म्हणाले, नको लावूस.

गाडी ओढून नेण्यातही अर्थ नव्हता. या मापाचा टायर मिळेल असे गॅरेज अडतीस किलोमीटरवर होते, मेकॅनिकचेच. "पंचवीसचा नियम," तो म्हणाला. "तेरा किलोमीटर अलीकडे तुम्हाला सोडून देऊ का? माझी पाळी संपलीच आहे. हे फाटलेलं चाक नेतो, नवा टायर चढवून आणतो. तीन तास धरा."

तो गेला. बाबा माझ्यावर बसले. ट्रक गेला की गाडी हले, मग पुन्हा सामसूम. त्यांनी बहिणीला फोन लावला.

"उशीर होईल, ताई."

"किती?"

"माहीत नाही."

"पण येतोयस ना? मग झालं."

बाबा उठले, खिशातले भिंग काढले, वाकले आणि माझे चारही आकडे एकेक करून वाचले. मग त्यांवरून बोट फिरवले. "तू नुसती बसून म्हातारी झालीस," ते म्हणाले. लगेच त्यांनी मुलीला फोन केला आणि सगळे सांगितले. 'तरी सांगत होते' असे ती म्हणेल म्हणून मी वाट पाहत राहिले.

"मी ते वाक्य वाचलं होतं, बाबा," ती म्हणाली. "पण उठून हात लावून बघितलं नाही."

"मी तर हात लावला, तरी बघितलं नाही. आणि नजर तपासणं माझा धंदा."

दोघेही थोडे हसले. "परत या म्हणू?" तिने विचारले.

"नको म्हणूस. भिंतीशी बसून मी काही नवा राहत नाही, पोरी." बाबा थांबले. "ती तिसरी योजना घेऊन टाक. परतीच्या प्रवासापर्यंत सुरू होते का बघ."

"ट्रकवर घालून नेतील हं."

"नेऊ देत. न्यायला कुणीतरी आलं म्हणजे झालं."

मेकॅनिक ऊन उतरता उतरता आला आणि त्याने नव्या टायरचे चाक बसवले. माझ्या लोखंडी चाकावर दुसरा टायर चढवायचा होता, म्हणून मलाही गॅरेजपर्यंत न्यायचे ठरले. पण दारावर नाही. बाबांनी मला आत घेतले आणि टेबलापाशी, रिकाम्या बाजूला टेकवले. अकरा वर्षांत मी पहिल्यांदाच घराच्या आत आले. अडतीस किलोमीटर बाबा पुढे होते आणि मी मागे. या वेळी मधे पत्रा नव्हता.

गॅरेजमध्ये मला चाकावरून उतरवले. चुकून कुणी पुन्हा लावू नये म्हणून मेकॅनिकने माझ्यावर पांढऱ्या रंगाची फुली मारली. आता मी इथे भिंतीशी असते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बाबांचा फोन आला. "पोचलात का, काका? बरं झालं," तो म्हणाला आणि कामाला लागला. गॅरेजात दुसऱ्या कुणाला त्याचे काही नव्हते. मला होते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही एक स्टेपनी असेल. महिन्यातून एकदा तिची हवा पाहा, तिच्यावरचे चार आकडे वाचा, आणि तिचे वय व्हायच्या आत तिलाही रस्त्यावर धावू द्या. आणि घरात 'मला काही झालेलं नाही' म्हणत एका जागी बसलेले कुणी असेल, तर सुरक्षित आहे म्हणून त्यांना तसेच ठेवू नका. लांबून सगळेच कोरे दिसते. उठा, जवळ जा आणि हात लावून पाहा.