कडीतली गाठ

मी नांगर बोलतोय. शेतातला नव्हे, जहाजाचा. पनवेलच्या खाडीकाठी, कोळीवाड्याच्या टोकाला अर्धा चिखलात रुतून उभा आहे. डोक्यावर एक जाड कडी आहे, अंगाला शेंदूर फासलाय. लोक मला देव समजतात. मी देव नाही, पण ऐकतं कोण?

माझा जन्म इथला नाही. सूर्य समुद्रात बुडतो त्या अंगाला, फार लांब, पोर्तुगालात एका खोकणाऱ्या लोहारानं मला घडवलं. त्या मुलखाला मिरी फार प्रिय. ती पिकायची आपल्याकडे, आणि खुष्कीच्या वाटेनं दहा हातांतून तिकडे पोचेतो श्रीमंतालाच परवडायची. मग त्यांच्या राजानं ठरवलं, पाण्यावरून आपणच जायचं. कप्तान देवाचं नाव घ्यायचा, व्यापारी मिरी-लवंगांचं. खलाशांच्या घरी चूल पेटत नव्हती, एवढंच.

वाटेत पुष्कळ मेले. हिरड्या सुजायच्या, दात गळायचे, मग एका सकाळी माणूस उठायचाच नाही. त्याला पाण्यात सोडत. मी जहाजाच्या बाहेरच्या अंगाला टांगलेला, त्यामुळे जाणारा माझ्या शेजारूनच जायचा. काही जण जाता जाता माझी कडी धरत. हेलकाव्यानं हात लागला असेल, असं मी मनाशी म्हणायचो.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं साखळीनं बांधून आणली, जहाजाच्या पोटात कोंबली. त्यांचं कण्हणं माझ्या लोखंडात उतरलं, ते अजून आहे. कान लावलात तर ऐकू येईल. लावू नका.

मग इथून जवळच, करंज्याच्या बंदराशी आलो. इथल्या गलबतांना फिरंगी म्हणाले, आमचा परवाना दाखवा. समुद्रावर चालायला परवाना लागतो, हे इथल्या कोळ्यांनी बापजन्मात ऐकलं नव्हतं. परवाना नाही म्हणून गलबतं जाळली. माणसांनी पाण्यात उड्या टाकल्या आणि माझा जाड दोर धरला. तेवढ्यात वारा फिरला, वादळ उठलं. मला पुरतं वर ओढायला वेळ नव्हता; फिरंग्यांनी वरून दोर कापला आणि जहाज घेऊन गेले. मी तळाला गेलो. ज्यांनी दोर धरला होता, त्यांनी तो सोडला नाही. तेही माझ्याबरोबर आले.

खाली काळ मोजत नाहीत. पुढे कधीतरी ह्याच कोळ्यांच्या आजा-पणजांचं जाळं माझ्यात अडकलं. ओढूनही सुटेना, तेव्हा ते म्हणाले, हा धरून ठेवणारा देव हाय. मला वर काढलं, इथे आणून उभं केलं. ज्या जहाजानं त्यांची माणसं बुडवली, त्याच्याच नांगराला नारळ फोडला. त्यांना कुठून कळावं.

तेव्हापासून इथे एक रीत आहे. घरचा पुरुष दर्यावर निघाला की बायको त्याच्या जुन्या जाळ्याचा दोर माझ्या कडीला बांधते. तो परत आला की त्यानं स्वतः गाठ सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. न सुटलेल्या गाठी तशाच राहतात. त्या भर उन्हातही ओल्या असतात. बाया म्हणतात, दव पडलं असेल.

इथल्याच गुणाबाईनं शेवटची गाठ बांधली, तेव्हा नवीन पनवेलच्या इमारती उठत होत्या. खाडीत भराव पडत होता, मासळी आटली होती. तिचा नवरा अनंता खाडीतला माणूस, पण आता करंज्याच्या मोठ्या बोटीवर लांबच्या पाण्यात निघाला होता.

"एवऱ्या लांब कशाला जातस?" ती म्हणाली.

"हितं काय हाय? बेडूक धरू?"

"बेडूक तरी रांधीन मी. तू हितं रहा."

तो हसला. "गाठ सैल बांद, गुणे. मागल्या टायमाला सोडताना नख तुटला माजा."

तिनं घट्टच बांधली. मला वाटलं, हाच तो खलाशी, शेकडो वर्षांपूर्वी लिस्बनच्या धक्क्यावरून निघालेला.

ती रोज यायची, दोर चाचपायची. शेजारची जनी तिला हसायची. "सारकी काय चाचपतस? कोंबडीखालचा अंडा हाय का तो?"

"सुका हाय," गुणाबाई म्हणायची आणि घरी जायची. दोर सुका, म्हणजे माणूस खुशाल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती ओळखून होती.

काल भर दुपारी, चैत्राच्या उन्हात, खाडीला पुरती ओहोटी असताना अनंता आला. वाटेनं नाही, चिखलातून आला. एवढ्या मऊ चिखलात पाऊल उमटलं नाही. अंगावरून पाणी निथळत होतं, थांबत नव्हतं. त्याच्यामागे, जिथे पाण्याची रेघ दिसत होती तिथे, बाकीचे उभे होते. मी त्यांना ओळखतो, माझा दोर धरून तळाला आलेले ते. त्यांनीच त्याला वाट दाखवली असणार.

तो सावकाश खाली बसला. नखानं गाठ सोडली. दोर माझ्या पायाशी ठेवला, आणि आला तसा गेला.

संध्याकाळी गुणाबाई आली. सुटलेला दोर बघून तिनं पदर तोंडाशी नेला. "आलाय! जने, गाठ सोडलीन त्यानं!" दोर ओला होता, पण तिनं तो चाचपलाच नाही. तशीच धावत घरी गेली.

आज तिच्या घरातून भाताचा वास येतोय. ताट वाढून ती दारात बसलीय. हसतेय, बाजाराला गेला असेल म्हणतेय.

मला धरून ठेवता येतं, सांगता येत नाही. तुम्ही त्या वाटेनं जात असाल तर तिच्या दारात थोडं थांबा. काही बोलू नका हवं तर. तिच्याजवळ बसा. आणि नवी गाठ बांधायला कुणी माझ्याकडे येत असेल, तर तिला वाटेतूनच परत न्या.