भाड्याचा घसा

"नमस्कार मंडळी, जरा इकडं कान द्या!"

मथुरा पडवीत बसून सुके बोंबील निवडत होती. तिच्या हातातला बोंबील हातातच राहिला. आवाज राजारामचा होता, तिच्या नवऱ्याचा. आणि राजारामला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं.

वळणावरून प्रचाराची रिक्षा आली. टपावर कर्णा, मागे उन्मेषशेठचा हात जोडलेला फोटो. रिक्षा चालवत होता महेंद्र, राजारामचा जुना जोडीदार. "मी राजाराम सांगतोय," कर्णा बोलत होता, "विहीर गेली, पण घराघरात नळ आला! आमची वाडी उन्मेषशेठच्या पाठीशी!" महेंद्रने मथुराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रिक्षा पुढे गेली. मथुरा मात्र आवाज पार विरेपर्यंत तशीच बसून होती. मांजराने दोन बोंबील पळवले तरी तिला कळलं नाही.

राजारामचा आवाज अख्ख्या रत्नागिरीने ऐकला होता. उद्या पाणी येणार नाही, साड्यांचा सेल लागलाय, जत्रेत पोर चुकलंय, सगळं त्याच्याच तोंडून. निवडणुका आल्या की सकाळी एका पक्षाचा जयजयकार आणि दुपारी दुसऱ्याचा. कुणी चिडवलंच तर म्हणायचा, "घसा भाड्यानं दिलाय, मत नाय दिलं." माइक हातात घेतला की आधी त्यात दोन फुंकरा मारायचा. त्या फुंकरा ऐकल्या की पोरंटोरं रस्त्यावर यायची.

घरी मात्र हा माणूस मुका. संध्याकाळी यायचा, पायरीवर बसायचा, चहाचा कप हातात घ्यायचा आणि गप्प. साखर कमी झाली तर बोटाने दाखवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. "गावाला ऐकवताव, आनि मना एक शब्द नाय," असं मथुरा कुरकुरायची, तेव्हा तो हसायचा, तेही आवाज न करता. मग त्याला घशाचा आजार झाला. शेवटचे महिने तर नुसती घरघर होती. म्हणजे नवऱ्याचा धड आवाज ऐकायचा तिचा राहूनच गेला होता.

एकदाच तो भाडं न घेता बोलला होता. शहर वाढत वाढत वाडीपर्यंत आलं आणि नव्या विकास आराखड्यातला रस्ता नेमका वाडीच्या विहिरीवरून गेला. वरच्या आळीच्या विहिरीला हात लावायची बंदी होती, त्या काळात वाडीतल्या म्हाताऱ्यांनी कातळ फोडून ती विहीर खणली होती. राजारामने आठवडाभर स्वतःचं पेट्रोल जाळलं. "हरकत नोंदवा, सुनावणीला चला!" गेली मोजकी माणसं. मजुरी बुडवून कोण जाणार? नगरसेवक उन्मेषशेठ वाडीच्या बुद्धविहारात सगळ्यांसमोर शब्द देऊन गेला होता, की रस्ता वळवून घेतो. सुनावणीत तो तोंडातून ब्रही काढेना. रस्त्यापलीकडे त्याची इमारत उभी राहायची होती. विहीर बुजली. पुढे त्याचा माणूस जाहिरातीचं काम घेऊन आला, तेव्हा राजारामने त्याला पडवीतूनच परत पाठवलं. "ह्या मानसासाठी माजा घसा नाय."

हे सगळं मथुराला ठाऊक होतं. तरीही, खरं सांगायचं तर, त्या पहिल्या संध्याकाळी तिला राग आला नाही. तिला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ती केस विंचरून, तोंड धुऊन पडवीत येऊन बसली. महेंद्रलाही ते उमगलं असावं. तिच्या दारासमोर तो रिक्षा अगदी हळू करायचा. कर्ण्यातून काय सांगताहेत त्याकडे तिचं लक्षच नसायचं. ती नुसता आवाज ऐकायची.

मग एका सकाळी मथुरा दारच्या नळावर पाणी भरत असताना शेजारची राही म्हणाली, "राजारामभावजी शेवटी वळले म्हनायचे. काय दिलंन गो शेठनी?"

मथुराची कळशी भरून वाहत होती.

संध्याकाळी तिने रिक्षा थांबवली. "महेंद्रभावजी, हे कवा बोलले ते? खरं सांगा."

महेंद्रने कर्णा बंद केला. "ते बोललेच नाय, वैनी. त्यांच्या जुन्या जाहिराती होत्या ना, त्यातनं कम्प्युटरवर आवाज बनवलाय. मशीन बोलतंय ते. मी भाडोत्री मानूस, काय करू?"

ती तशीच उन्मेषशेठच्या कचेरीत गेली. शेठने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. "काकी, लोकांना काकांचा आवाज आवडतो. आम्ही त्यांची आठवणच जागी ठेवतोय."

"त्यांनी तुमाला नाय म्हटलं होतं."

"जुनं कशाला उगाळायचं?" शेठने कोपऱ्यातल्या कम्प्युटरवरच्या बाईला खूण केली. "तुम्हाला पण मोबाईलमध्ये टाकून देतो. हवं ते बोलून घ्या त्यांच्याकडून. ऐका तर."

बाईने काहीतरी टाइप केलं. आणि राजाराम बोलला, अगदी जवळून, "मथुरा, जेवलीस का?"

मथुराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या वर्षांत त्याने तिला असं कधीही विचारलं नव्हतं. विचारावं म्हणून ती किती झुरली होती! पुन्हा एकदा लावा, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. तिने पदर तोंडावर दाबून धरला.

"बंद करा," ती म्हणाली. "त्यांनी नाय म्हटलं होतं."

"काकी, मतदान तोंडावर आलंय. आता कसं बंद करणार?"

चहा तसाच ठेवून ती उठली.

दुसऱ्या संध्याकाळी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. जिथे विहीर होती, बरोबर तिथेच. रिक्षा थांबली. "माइक द्या," ती म्हणाली.

"वैनी, माझं भाडं जाईल."

"जाईल."

महेंद्रने माइक दिला. तिने त्यात दोन फुंकरा मारल्या. दारं उघडली. राही बाहेर आली.

"मी राजारामची मथुरा," ती म्हणाली. "हा आवाज त्यांचा नाय. त्यांचा आवाज गेला. ते विहिरीसाठी बोलले तेवडंच त्यांचं सोताचं. ह्या मानसाला त्यांनी घसा दिलेला नाय."

एवढंच. राही पुढे आली आणि तिचा हात धरून तिला घरी घेऊन गेली.

तो आवाज त्यानंतर वाडीत आला नाही. रिक्षा यायची, पण दुसऱ्याच कुणाची, आणि तिच्यावर गाणं लावलेलं असायचं. उन्मेषशेठ निवडून येणार हे तर शेंबडं पोरही सांगत होतं. विरारहून तेजलचा, तिच्या मुलीचा फोन आला. शेठ मोबाईलमध्ये आवाज टाकून देत होता, ते मथुराने तिला सांगितलं. "आई, बाबांचा आपल्याकडे एक व्हिडिओ पण नाही गं. थोडंसं तरी ठेवून घ्यायचं ना," म्हणून ती रडली.

"ठेवला असता तर मना तोच खरा वाटाय लागला असता," मथुरा म्हणाली. फोन ठेवल्यावर तीही रडली, पोटभर रडली.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांचाच प्रचार संपलेला होता. कुठे कर्णा नाही, गाणं नाही, घोषणा नाही. वाडी एकदम गप्प झाली. निवडणुकीतल्या या दिवशी राजाराम लवकर घरी यायचा आणि अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून राहायचा. अशा वेळी कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही.

मथुराने चहा टाकला आणि कप घेऊन ती पायरीवर आली. राहीने कुंपणापलीकडून हाक मारली, "काय गो, एकटीच बसलीस?"

मथुरा बोलली नाही. तिने नुसता हात वर केला, आणि पायरीवर थोडी बाजूला सरकून बसली.