वळणावर खोटं ठरलेलं बटण

मी स्टिअरिंगवरचं आवाज कमी करायचं बटण बोलतोय. माझ्यावरचं वजाचं चिन्ह आता निम्मं पुसलंय. चौदा वर्षं मी बाबांच्या अंगठ्याखाली काढली. बाबा म्हणजे गाडीचे मालक. त्यांचं आयुष्य लिफ्टच्या दुरुस्तीत गेलं. आता खांदा आखडलाय, हात लांब जात नाही, म्हणून त्यांची सगळी भिस्त आम्हा बटणांवर.

जुना स्टिरिओ बंद पडला. बाहेरून घेतलेला नवा बसवला, तर त्याला आमची ओळखच नाही! बाबा स्क्रीनकडे वाकायला लागले. एकदा वाकले आणि गाडी दुभाजकाला घासली. शेजारी लेक बसली होती.

"बाबा, बटणं चालू करून घ्या. नाहीतर किल्ली माझ्याकडे," ती म्हणाली. ती एकदा बोलली की बोलली.

म्हणून आम्ही दुकानात आलो. फिटरनं स्क्रीनवर 'आवाज कमी' निवडलं आणि मला दाबून धरलं. आम्हा बटणांची वायर एकच. कोणातून किती करंट येतो, त्यावरून स्टिरिओ आम्हाला ओळखतो. टीं वाजलं, ओळख पटली. मी खूश.

बटणं नीट चालतात का बघायला बाबा एक चक्कर मारायला निघाले, लेक शेजारी. पहिल्याच वळणावर बातम्यांचा आवाज फार मोठा वाटला म्हणून त्यांनी मला दाबलं. आवाज वाढला. पुन्हा दाबलं, आणखी वाढला. बाबा गडबडले, हात स्क्रीनकडे गेला, आणि समोर सायकलवर एक बाई! लेकीनं हँडब्रेक खेचला.

कुणाला लागलं नाही. पण ती बाई बाबांकडे ज्या नजरेनं बघून गेली, ती मला अजून टोचते. लेकीनं गाडी स्वतः दुकानात आणली आणि किल्ली मुठीत घट्ट धरली.

"बटण गेलंय, काका. काढून टाकतो," फिटर म्हणाला.

अहो, मी ठणठणीत होतो! चोर सोडून संन्याशाला फाशी! पण ओरडणार कसा?

बाबा पुन्हा स्टिअरिंगमागे बसले. मग म्हणाले, "किल्ली दे जरा. इंजिन चालू करत नाही."

लेकीनं दिली नाही. स्वतःच वाकून अर्धी फिरवली.

बाबांनी स्टिअरिंग सरळ ठेवून मला दाबलं. आवाज कमी झाला. मग दात आवळून ते वळवलं, खांदा कळवळला, पुन्हा दाबलं. आवाज वाढला.

"बटण बरोबर आहे हो. दोष वायरच्या वाटेत आहे. लिफ्टची वायर अशीच जाते. वरून धडधाकट, वाकली की बोंब."

फिटरनं बॅटरीची वायर काढली, थोडं थांबून स्टिअरिंग उतरवलं. आमची वायर ज्यातून जाते, त्या आतल्या गुंडाळलेल्या पट्टीला चीर गेली होती. स्टिअरिंग वळलं की चीर ताणायची, करंट बदलायचा आणि स्टिरिओ मला 'आवाज वाढवा'चं बटण समजायचा. त्याचा चेहरा उतरला.

"काका, एअरबॅगची तारपण ह्याच पट्टीत आहे. आज ना उद्या तुटलीच असती."

 नवी पट्टी बसली, आमची ओळख पुन्हा करून दिली, ह्या वेळी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून तपासलं.

लेकीनं मूठ उघडली. तळव्यावर किल्लीचे वळ होते. "घ्या बाबा. चुकलंच माझं."

"तुझं नाही चुकलं. ती बाई दिसली नव्हती मला," बाबा हळूच म्हणाले. "आज तूच चालव."

आता माझ्यावर लेकीचा अंगठा असतो, बाबा शेजारी बसतात. मला त्यांच्या अंगठ्याची फार आठवण येते. तुमच्या गाडीतलं एखादं बटण उलटं वागायला लागलं, तर लगेच उपटून टाकू नका. आम्हाला तोंड नाही. चुकीचं वागूनच आम्हाला बिघाड सांगता येतो.