फरशीवर सांडलेलं खत

मित्रांनो, शेडच्या कोपऱ्यात पालथा पडलेला हा गंजका गाडा म्हणजे मी. हिरवळीवर खत पसरण्यात माझा जन्म गेला. कारखान्यातून आलो तेव्हा माझं पोट लालभडक होतं. मला ढकललं की पोटाखालची चकती गरगर फिरे आणि खताचे दाणे गवतावर सारखे पडत. रस्त्याने जाणारे थांबून हिरवळ बघत. कौतुक मात्र मालकाचं होई.

मालक म्हणजे थोरला भाऊ. उताराखाली, कुंपणापलीकडे धाकट्याचं घर आणि त्याने स्वतः खणलेलं माशांचं तळं.

मालक मला फरशीवर उभा करून भरायचा. ते योग्यच, सांडलेले दाणे झाडून घेता येतात. पण हा माझ्या पोटाखालचं भोक बंद करणारी खिट्टी उघडीच ठेवायचा आणि सांडलेलं खत पाइपच्या पाण्याने गटारात लोटायचा. फरशी लख्ख! गटार कुठे उतरतं, हे त्याला ठाऊक होतं.

पाण्यात खत गेलं की शेवाळ माजतं. ते कुजू लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. एका सकाळी धाकट्याने मेलेल्या माशांची बादली मालकाच्या पायाशी ओतली.

“दादा, मेजवानी तुझ्या गवताला आणि खरकटं माझ्या तळ्यात?”

“ओरडू नकोस. हा गाडाच गळका आहे!”

“नाचता येईना अंगण वाकडं,” मालकीणबाई दारातून म्हणाल्या. “खिट्टी लावायला हात झडले होते का?”

मालकाने मला लाथ घातली. माझा दांडा वाकला तो कायमचा.

“थोडे मासे अजून जिवंत आहेत,” धाकटा म्हणाला. “पुन्हा पाइप धरलास तर आपलं नातं संपलं.”

“फरशी माझी, पाइप माझा!” मालकाने त्याच्यादेखत नळ सोडला.

उरलेले मासेही गेले. धाकट्याने तळं मुरूम टाकून बुजवलं.

आता मालकाकडे नवा गाडा आहे. तो खिट्टी लावून खत भरतो. चुकून सांडलंच तर केरसुणीने गोळा करून पिशवीत परत टाकतो. काम चोख आहे. पण कुंपणापलीकडून त्याला ‘दादा’ म्हणून हाक येत नाही.

मित्रांनो, केरसुणी दाराआडच असते. मासे जिवंत आहेत तोवर उचला.