टेकडीवरची दुर्मीळ जात

शिवणवाल्या काकूंनी गेली तीन वर्षं नवऱ्याला टेकडीच्या त्या एका वळणावर फिरकू दिलं नव्हतं. कधी तिकडे साप निघाल्याचं सांगितलं, कधी मोकाट कुत्री, एकदा तर पाऊलवाट खचल्याची बातमीच पैदा केली. पण त्या रविवारी फिरायला निघालेल्या मंडळींच्या पुढे शिट्टीबाई होत्या, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेल्या बाईपुढे कुणाची डाळ शिजणार? त्यांनी शिट्टी फुंकली आणि सगळी वरात नेमकी त्याच वळणाला वळली.

काका मुद्रितशोधक. उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला. निवृत्त झाले आणि निवडुंगांच्या नादी लागले. गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. काकूंचं शिवणयंत्रही उजेडासाठी तिथेच. गिऱ्हाइकाचं रेशमी कापड काट्याला लागून सूत निघालं की काकूंचं डोकं फिरायचं. शेवटी काका थोरल्या भावाकडे आठवडाभर राहायला गेले, तेव्हा काकूंनी एकेक कुंडी रिकामी केली. कचऱ्यात टाकवेना, म्हणून पडद्याच्या चिंधीत गुंडाळून सगळे निवडुंग टेकडीवर नेले आणि खडकांच्या खाचांत खोचले. काका परतल्यावर पापणीही न हलवता म्हणाल्या, "सगळे कुजले हो. तुम्ही जाताना पाणी फार घातलंत."

काका भांडले असते तर बरं झालं असतं. काकूंनीही चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. पण त्यांनी कुंड्या धुऊन पालथ्या घातल्या आणि झाडांना हात लावणंच सोडलं. शेजारणीने मोगऱ्याचं रोप आणून दिलं, तर "माझ्या हातून मरेल बिचारं," म्हणून परत केलं. ते ऐकल्यापासून काकूंना खरं सांगून टाकावंसं वाटत होतं, पण धीर काही होत नव्हता.

"अरे, रानटी निवडुंग!" काका वळणावरूनच ओरडले.

काकूंनी बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मेल्यांनी तिथे संसार थाटला होता. एकेक भोपळ्याएवढा गरगरीत, भोवती पिल्लांचं लेंढार, आणि डोक्यावर गुलाबी फुलांची चक्री. काका गुडघे टेकून बसले.

"ही जात इकडे रानात उगवतच नाही! आमच्याकडे होते ते असेच, फक्त हडकुळे. त्यांचे लांबचे नातेवाईक दिसतात."

शिट्टीबाईंनी लांबलचक शिट्टी मारली. "शोध लागला! उद्याच पेपरात देते. खाली शोधकर्ते म्हणून तुमचं नाव. तज्ज्ञ मंडळी येतील तपासायला!"

फोटो निघू लागले. काकूंना खडकाखाली पडद्याची चिंधी दिसली. त्यांनी झटकन तिच्यावर पाय ठेवला.

"काकू, फोटोत या ना!"

"मी इथेच बरी आहे."

काकांचा चेहरा असा उजळलेला काकूंनी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. गप्प बसावं, असंच त्यांना वाटलं. पण तज्ज्ञ येणार, बघताक्षणी कुंडीतली झाडं ओळखणार, आणि जन्मभर लोकांच्या चुका काढणाऱ्या या माणसाची चूक पेपरात छापून येणार. सगळं गाव हसेल.

"अहो, ते आपलेच आहेत."

"कोण?"

"निवडुंग. कुजले नव्हते. मीच इथे आणून खोचले."

शिट्टीबाईंच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. काका खडकाला धरून उठले.

"म्हणजे मेले नाहीत?"

"नाही."

"माझ्या पाण्यानं मेले नाहीत?"

"नाही हो. मी खोटं बोलले."

"तीन वर्षं मी दिसेल त्या झाडाला लांबून नमस्कार करत होतो. आणि तू बघत होतीस?"

चारचौघांत काकूंना रडू फुटलं. काकांचेही डोळे भरून आले होते, पण त्याच वेळी त्यांना हसूही आवरेना. सगळा देह गदगदत होता.

"शिट्टीबाई, बातमी रद्द!" ते म्हणाले. "शोधबिध काही नाही. घरचीच मंडळी आहेत, रुसून इकडे आली होती."

उतरताना काका तरण्या पोरासारखे पुढे चालत होते. वर येणारा जो भेटेल त्याला, ओळख ना पाळख, थांबवून सांगत होते, "त्या वळणावरचे निवडुंग बघाच हं. फुललेत. आमचे आहेत."

त्या 'आमचे'मधला आपला वाटा घ्यायची काकूंना लाज वाटत होती. पण चौथ्या माणसाला सांगताना काकांनी मागे वळून पाहिलं, तशी त्यांनी नाक पुसलं आणि मान डोलावली.