गंजक्या टोपातला पाव

मी एक जुना लोखंडी टोप आहे. जुना आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते माझ्या पाठीमागे कुजबुजत बसायला नको. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून 'अरेरे' म्हणायचा विचार असेल, तर आत्ताच उठा. गंज मी सोसला, पण कीव मला सोसत नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. ओल्या काळ्या वाळूत साचा दाबलेला होता आणि भट्टीतून आलेलं लोखंड पिवळंधमक, पाण्यासारखं वाहत होतं. ओतारी उंचापुरा होता, त्याच्या भुवया कायमच्या जळलेल्या. त्यानं एका दमात मला ओतलं. मध्येच दम तुटला की लोखंडात जोड राहतो आणि असा टोप आचेला दगा देतो. मी निवल्यावर त्यानं वाळू झटकली, बोटाच्या पेरानं मला टकटक वाजवलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हा आपल्याला पुरून उरेल." एवढंच कौतुक! पण जन्मतःच असं बोलणारं कुणी भेटलं की माणूस ताठ उभा राहतो. टोपही राहतो.

पुढं मी एका भरल्या घरात गेलो. तिथली थोरली सून मला कुणाला हात लावू द्यायची नाही. माझ्यात रस्से रटरटले, कंद उकडले, मांस तासन्‌तास मुरलं. काम झालं की ती मला पुसायची आणि तेलाचं बोट फिरवायची. एकदा एक पाहुणे म्हणाले, "सगळी चव या टोपातच आहे हो!" ती फणकारली, "मग पुढच्या वेळी टोपालाच सांगा स्वयंपाक करायला." पण त्या दिवशी तिनं मला जरा जास्तच तेल चोपडलं.

मग ती थकली आणि घरात चकचकीत, हलकी, कशालाही न चिकटणारी भांडी आली. "हा टोप उचलायचा म्हणजे कंबर मोडायची," असं म्हणून नव्या माणसांनी मला मोरीतल्या गळक्या नळाखाली बसवलं. ज्या लोखंडानं आग पचवली, त्याला टपटप पडणाऱ्या थेंबांनी खाल्लं. मी तांबडा झालो, मग खरबरीत झालो आणि एक दिवस भंगारवाल्याकडे गेलो. त्यानं मला पालथा घातला आणि माझ्यावर बसून तो रोज जेवू लागला. मित्रांनो, टोपानं जेवण वाढायचं असतं, जेवणाऱ्याचं वजन पेलायचं नसतं. मी मनात म्हटलं, वितळवायचं तर वितळव, पण माझ्यावरून ऊठ!

तिथंच मला भोंगाबाई भेटल्या.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांनी आयुष्य पावाच्या कारखान्यात काढलं होतं, पाव कापायच्या यंत्रावर. सगळी यंत्रं घरघरत असताना त्यांची हाक या टोकाहून त्या टोकाला ऐकू जायची, म्हणून सोबतिणींनी हे नाव ठेवलं होतं. त्याच यंत्रानं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती. पात्यात अडकलेला पाव काढताना क्षणात सगळं होऊन गेलं. नंतर त्यांना पिशव्या भरायला बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच राहिल्या.

"हा टोप मला हवाय," त्या म्हणाल्या.

"बाई, पार गंजलाय तो. मी बसायला ठेवलाय," भंगारवाला म्हणाला.

"मग आजपासून तुम्ही उभे राहा."

ढिगातून माझं झाकणही हुडकून त्यांनी मला पोटाशी धरून घरी आणलं, म्हणजे त्या राहायच्या त्या लेकीच्या घरी. तारेच्या ब्रशनं खसाखसा घासलं, जाड मिठानं चोळलं, तेल लावून तापवलं, निववलं आणि पुन्हा तेल लावलं. घरभर धूर झाला, जावई खोकत बाल्कनीत गेले. हळूहळू माझी काळी कातडी परत आली.

हा सगळा खटाटोप एका वर्गासाठी होता. आंबट खमिराचा पाव करायला शिकवणारा वर्ग. या पावात बाजारचं यीस्ट घालत नाहीत. पीठ आणि पाणी कालवून ठेवायचं, रोज थोडं काढून टाकायचं आणि नवं पीठ-पाणी घालायचं. काही दिवसांत ते आपोआप आंबतं, बुडबुडे सोडतं, फुगतं. त्या खमिरावर पाव उठतो. सावरडो म्हणतात त्याला. तो भाजायला जाड बुडाचा, घट्ट झाकणाचा टोप लागतो. म्हणजे मी लागतो.

लेकीला हे मुळीच पटलं नव्हतं.

"आई, जन्मभर पावच केलास ना? अजून हौस फिटली नाही?"

"केला कुठं? कापला. माझ्यापाशी यायचा तो तयार होऊनच यायचा आणि तसाच पिशवीत जायचा. पीठ कधी हाताला लागलंच नाही माझ्या."

वर्ग एका बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानात भरायचा. डोळे तपासायचा तक्ता अजून भिंतीवर होता, वर ढोबळ अक्षरं, खाली मुंगीएवढी. शिकवणारी मुलगी तरुण होती, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. पहिल्याच दिवशी तिचं लक्ष भोंगाबाईंच्या हाताकडे गेलं आणि ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही इथं निवांत बसा. तुमचं पीठ मी तयार करून देते."

"मावशी तुझ्या घरी. इथं मी विद्यार्थिनी आहे. बसायलाच यायचं असतं तर येताना उशी आणली असती."

बिचारी ओशाळली. पण मुलगी गुणी होती, त्या दिवसापासून तिनं त्यांना 'मावशी' म्हटलं नाही आणि चुकांचीही सूट दिली नाही.

आणि चुका काय कमी झाल्या? खमिराचं पीठ सैल आणि चिकट. ते मळत नाहीत. एक कड धरून ताणायची, वर आणून दुमडायची, मग थांबायचं आणि पुन्हा तेच. भोंगाबाईंच्या तीन बोटांच्या हातातून ते पीठ निसटायचं, मनगटाला लोंबायचं. त्यांचा पहिला पाव माझ्यातून निघाला तो चपटा, फिकट आणि दगडासारखा. शेजारच्या ओट्यावर दातांचे एक डॉक्टर शिकत होते. पावावर बोट वाजवून ते म्हणाले, "बाई, हा पाव तुम्ही विकायला लागलात तर माझा दवाखाना जोरात चालेल."

"आधी तुमचा कापा," भोंगाबाई म्हणाल्या. डॉक्टरांचा पाव आतून लगद्यासारखा कच्चा निघाला. दोघंही पोट धरून हसली.

पण पुढच्या वेळी भोंगाबाईंनी शिक्षिकेला थेट विचारलं, "हातामुळं होतंय ना हे?"

"हात कसा आडवा येईल? तुमची घाई नडते. पीठ अजून फुगत असतं आणि तुम्ही ते टोपात टाकून मोकळ्या होता."

ते खरं होतं. यंत्र थांबत नसतं, त्यामुळं भोंगाबाईंना थांबायची सवयच नव्हती. मग त्या शिकल्या. ताणायचं काम तळव्याच्या कडेनं आणि पत्र्याच्या खरवडणीनं करायचं, हे शिक्षिकेनं दाखवलं. थांबायचं मात्र त्यांचं त्यांनाच जमवावं लागलं. पीठ फुगेपर्यंत त्या हात पाठीशी बांधून त्या तक्त्यासमोर उभ्या राहायच्या आणि सर्वांत खालची ओळ वाचायचा प्रयत्न करायच्या. ती काही त्यांना शेवटपर्यंत वाचता आली नाही. पाव मात्र सुधारत गेला.

शेवटच्या वर्गात प्रत्येकानं सगळं स्वतः करायचं होतं, तापलेला टोप भट्टीतून काढण्यासकट. तोवर ते काम शिक्षिकाच करायची. ती चाचरत म्हणाली, "तुमचा टोप मीच काढेन. फार जड आहे तो."

"सगळ्यांचे तू काढणार?"

"नाही. फक्त..."

"मग माझाही नाही."

शेवटी तिनं अट घातली, आधी गार टोपात विटा भरून सराव करायचा. भोंगाबाईंनी कारखान्यातले जाड कापडी हातमोजे शोधून काढले. डाव्या मोज्याची दोन रिकामी बोटं त्यांनी मुडपून शिवून टाकली होती, कुठं अडकायला नकोत म्हणून. विटांनी भरलेला मी रोज ओट्यावरून टेबलावर आणि टेबलावरून ओट्यावर जाऊ लागलो. एकदा निसटून मी लादीवर पडलो आणि लादी तडकली. मला काही झालं नाही.

आवाज ऐकून लेक धावत आली. लादीकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं आणि निघून गेली. शेवटच्या वर्गाच्या दिवशी सकाळी तिनं मला उचललं आणि धुण्याच्या टोपलीत चादरींच्या तळाशी लपवलं.

"माझा टोप कुठंय?" भोंगा वाजला.

"मला काय माहीत?"

"खोटं बोलताना तुझं नाक फुगतं. लहानपणापासून फुगतं."

मग लेकीचा बांध फुटला. "फडक्यात गुंडाळलेला हात घेऊन तू आलीस ना, तेव्हा दार मी उघडलं होतं. शाळेचा गणवेश होता माझ्या अंगावर. तुला आठवत नसेल. मी रोज बघते तो हात, आई. तू साधा पाव कापायला बसलीस तरी मी खोलीतून निघून जाते."

चादरींखाली मलाही ते ऐकवेना. मग भोंगाबाई त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या यंत्रानं माझी दोन बोटं घेतली, बाळा. उरलेला हात तू नको घेऊस."

थोड्या वेळानं चादरी बाजूला झाल्या. लेकीनं मला दोन्ही हातांनी वर काढलं.

"मी येणार तिथं," ती म्हणाली.

"ये. पण हात खिशात ठेवायचे."

वर्गातल्या भट्टीत मी लालबुंद होण्याच्या बेताला आलो, तेव्हा भोंगाबाईंनी मला भट्टीच्या तोंडाशी ओढलं, पिठाचा गोळा माझ्यात सोडला, त्यावर पात्यानं एक लांब चीर दिली आणि झाकण लावून मला पुन्हा आत ढकललं. पुढचं जे घडतं ते माझ्याशिवाय कुणालाच दिसत नाही. आत मिट्ट काळोख असतो. पिठातलं पाणी वाफ होऊन त्यालाच गोंजारतं. आधी गोळा दबकून बसतो, मग कूस बदलल्यासारखा हलतो आणि चिरेच्या जागी हळूहळू उघडत वर चढतो. कितीही पाव भाजले, तरी त्या क्षणी मी श्वास रोखतो.

मग मला बाहेर काढायची वेळ आली. झाकण उचलताना ते मोज्यावरून घसरलं, खणकन फरशीवर आदळलं आणि त्याच्या कडेचा एक टवका उडाला. सगळा वर्ग दचकला. लेकीचे हात खिशातून बाहेर आले.

"खिशात!" भोंगाबाई ओरडल्या. डॉक्टरांनीसुद्धा आपले हात खिशात घातले.

त्यांनी मला उजव्या हातात पक्कं धरलं, डावीकडून मोज्याच्या लांब बाहीत झाकलेलं मनगट कडीखाली सरकवलं आणि उचललं. मी एका बाजूला कललो. भट्टीपासून टेबलापर्यंत त्या न थांबता चालत गेल्या. आणि त्यांनी मला टेबलावर आदळलं नाही, ठेवलं.

पाव एका अंगाला उंच झाला होता, दुसऱ्या अंगाला जरा जास्तच करपला होता. पण चीर फुलासारखी उघडली होती आणि निवता निवता कवच तडतड बोलत होतं. शिक्षिकेनं तो उलटा करून बुडावर वाजवला. पोकळ, खणखणीत आवाज आला. तिनं नुसती मान डोलावली.

लेक मात्र भडकली होती. "घाम फुटला मला! पुन्हा असलं काही केलंस ना..."

"उद्या करणार आहे," भोंगाबाई म्हणाल्या. "आधी खाऊन बघ."

लेकीनं रागारागातच एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. तिसऱ्याला लोणी मागितलं.

तेव्हापासून मी त्यांच्या घरी कामावर आहे. झाकणाच्या टवक्यातून वाफ निसटते, म्हणून भोंगाबाई तिथं पिठाची वळी थापतात. जावयांनी वाढदिवसाला नवा हलका टोप आणला होता, त्यात आता कांदे ठेवतात.

परवा लेकीनं स्वतःचं पीठ लावलं. मला भट्टीतून काढताना तिचा हात कडेला लागला आणि ती जोरात किंचाळली. भोंगाबाई जागच्या जागी उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात खिशात घालून. लेकीनं मला सोडलं नाही. टेबलावर ठेवलं आणि मगच बोट नळाखाली धरलं.

मित्रांनो, आता माझं एक ऐका. आम्हा जुन्यांना जपा असं सगळेच सांगतात, मीही सांगेन. पण कपाटात ठेवून, फडक्यात गुंडाळून आम्ही जपले जात नाही, तिथं आम्ही गंजतो. घासा, तेल लावा आणि कामाला लावा. आणि तुमच्या घरात कुणी थकलेलं, मोडलेलं, थोडं कमी झालेलं माणूस असेल, तर त्याच्या हातातलं काम काढून घेण्याआधी त्याला विचारा, "तुला काय करायचंय?" ते माणूस जे सांगेल ते ऐका आणि त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.