गारीगारच्या पेटीत पासष्ट अंश

मी गारीगारची पेटी बोलतेय. ईट गावात बब्रुवानच्या सायकलच्या कॅरिअरवर मी सव्वीस उन्हाळे काढले. बाहेरून सागवानी फळ्या, आतून जस्ताचा पत्रा, मधे थर्माकोल. तोंड लहान, पोट खोल. मला घडवणारा धाराशिवचा सुतार कामापेक्षा गप्पाच जास्त मारायचा, पण सांधे त्याने पक्के केले. वितळलेल्या बर्फाचं पाणी मी थेंबभरही गळू दिलं नाही.

पुढे बब्रुवानचे गुडघे गेले, पाठोपाठ दात. सायकल विकली, मला मात्र त्याने ठेवलं. "औंदा उन्हाळ्यात बगू," असं दर शिमग्याला म्हणायचा, फडक्याने पुसायचा आणि परत कोपऱ्यात ठेवायचा. जे करायचं नसतं त्याची तयारी माणसं फार मन लावून करतात.

त्याचं खरं दुःख होतं मटणाचं. कवळी करून आणली, पण ती हिरड्यांना टोचायची, म्हणून फळीवरच्या पेल्यात पडून असायची. घरात मटण शिजलं की तो रश्शात भाकरी कुस्करून घ्यायचा, तेही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. चारचौघांत नुसतं गिळायची त्याला लाज वाटे.

यंदा नात प्रतीक्षा पुण्याच्या हॉटेलातल्या नोकरीवरून आठवडाभराच्या सुट्टीवर आली, ती एक यंत्र घेऊन. दांड्यासारखं ते यंत्र पाण्यात उभं करायचं. पाणी ठरल्या अंशावर ते तासन्‌तास धरून ठेवतं. हवा काढून बंद केलेल्या पिशवीतलं मटण त्यात दिवसभर ठेवलं की मऊसूत होतं. याला सू-व्हीड म्हणतात म्हणे.

"आबा, ह्या सुट्टीत तुम्ही आमच्या पंगतीला बसून मटण खाणार," तिने सांगून टाकलं.

अडलं ते भांड्यापाशी. पहिल्यांदा तिने घरातलं सगळ्यात देखणं भांडं घेतलं, आजीचं तांब्याचं घंगाळ. त्याचं तोंड एवढं रुंद की नुसत्या पाण्याची चाचणी घेतानाच वाफ उडून पाणी खाली गेलं आणि यंत्र बंद पडलं. मग लग्नकार्याचं स्टीलचं पातेलं आलं. त्यात मटण ठेवलं, तर तीन तास वीज गेली आणि पातेल्याने सगळी ऊब घालवून टाकली. कोमट पाण्यात पडलेलं मटण प्रतीक्षाने फेकून दिलं.

"एवढं बोकडाचं मटण उकिरड्यावर!" आजी सिताबाई कडाडली.

बब्रुवानने दुधात भाकरी कुस्करली. त्या दिवशी शुक्रवार होता आणि प्रतीक्षाची एसटी रविवारी संध्याकाळची.

शनिवारी सकाळी तिची नजर माझ्यावर गेली.

"आजी, ही पेटी चालंल."

"अगं, ती गार ठिवायची हाय!"

हा गैरसमज जुनाच. मी गार करत नाही, गरमही करत नाही. आत जे येईल ते बाहेर जाऊ देत नाही, एवढंच माझं काम.

पण यंत्र आत सोडायचं तर झाकणाला भोक हवं, आणि भोक पडलं की बर्फ टिकायचा नाही. प्रतीक्षा घुटमळली. बब्रुवान बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मग त्याने पटाशी मागितली.

"आबा, मग गारीगार?"

"आता कुठं फिरतोय म्या. दे हिकडं. झाकणाला काय जीव हाय व्हय?"

मला दुखलं, असं मी म्हणणार नाही. त्याचा हात मात्र दोनदा थांबला.

फटीत फडकं कोंबलं, पाणी पासष्ट अंशांवर आलं, तसं नव्याने आणलेलं मटण पिशवीत बंद करून आत सोडलं. वीज याही वेळी तीन तास गेली; पारा दोनच अंश उतरला.

रविवारी दुपारी बब्रुवान सगळ्यांबरोबर पंगतीला बसला. कवळी फळीवरच होती. पहिला तुकडा त्याने हिरड्यांनी चावला, गिळला, दुसरा घेतला. मग वाढणाऱ्या सिताबाईकडे बघून म्हणाला, "तू बी बस की आता."

सिताबाई पळी धरून तशीच उभी राहिली. त्याचे दात गेल्यापासून दोन वर्षांत तिनेही मटण तोंडाला लावलं नव्हतं. पित्त होतं, असं ती सगळ्यांना सांगायची आणि सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. तिने पदराने डोळे पुसले, स्वतःचं ताट आणलं आणि त्याच्या शेजारी बसली.

प्रतीक्षा यंत्र इथंच ठेवून गेली. मी आता ओट्याखाली असते. गारीगार मागायला माझ्याकडे येऊ नका. आणि एखाद्या रविवारी दुपारी या घरी आलात, तर दारातून हाक मारण्याआधी थोडं थांबा. दोघं जेवत असतात.